विलंबितात नको, द्रुतात चालेल : मैफलीतील कॅमेऱ्याविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकली की पुण्यात मैफलींचा हंगाम सुरू होतो आणि डिसेंबरातील सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवापर्यंत तो ऐन भरात येतो. या दिवसांत शहरातील सभागृहांच्या प्रवेशद्वारांवर एक लहानसा नाट्यप्रवेश वरचेवर पाहायला मिळतो. सुरक्षारक्षक कोणाच्या तरी पिशवीत हात घालतो, घडी घातलेल्या शालीखालून कॅमेरा बाहेर निघतो, ‘अहो, फोटो काढणार नाही, नुसता जवळ आहे,’ असे पिशवीचे मालक सांगतात, रक्षक तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या मनाईवर बोट ठेवतो आणि मागची रांग खोळंबते. त्या रांगेतील प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला मोबाइल असतो. त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. गेली तीसेक वर्षे मी श्रोता आणि हौशी छायाचित्रकार अशा दोन्ही नात्यांनी मैफलींना जात आलो आहे आणि एकेकाळी ती शाल मीही वापरलेली आहे. म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करतो.

आधी माझ्या गुन्ह्याची कबुली देतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका सभागृहात मी पत्नीच्या पर्समधून कॅमेरा आत नेला. जागा बाराव्या रांगेत होती. गायकाने मारवा मांडला होता. ज्यांनी हा राग मन लावून ऐकला आहे त्यांना ठाऊक असेल की त्यात कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यामध्ये गायक आपल्याला ताटकळत ठेवतो, षड्जाच्या, म्हणजे मूळ ‘सा’च्या, दारापर्यंत नेतो आणि तेथून परत फिरवतो. वीसेक मिनिटांनी एकदाचा तो षड्ज लागला, सारे सभागृह स्तब्ध झाले, गायकाचा चेहरा उजळला आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या कॅमेऱ्यातील आरसा ‘खट्ट’ करून वर जाऊन खाली आला. दोन रांगा पुढच्या माना वळल्या. शेजारी बसलेले वृद्ध गृहस्थ रागावले नाहीत. ते हळूच एवढेच म्हणाले, ‘ज्या षड्जाची आम्ही इतका वेळ वाट पाहिली, तो तुमच्या डबीत गेला.’ घरी येऊन पाहिले, तर त्या छायाचित्रात ध्वनिक्षेपकाची गोल जाळी गायकाच्या हनुवटीवर आलेली, उजव्या कोपऱ्यात पुढच्या रांगेतील कोणाचा तरी कान आणि सगळे चित्र हललेले. ते अजून माझ्या खणात आहे, आणि नियम मोडून कॅमेरा आत नेण्याचे समर्थन कोणी करू लागले की मला आधी तो कान आठवतो.

तेव्हा मनाईमागचे कारण मला मान्य आहे. प्रश्न असा आहे की आज जी मनाई छापली जाते ती त्या कारणाला धरून आहे का. श्रोत्याचा रसभंग होतो तो आवाजाने, उजेडाने आणि नजरेच्या आड येणाऱ्या हातांनी. तिकिटामागची ओळ मात्र या तिन्हींबद्दल बोलत नाही. ती एका यंत्राचे नाव घेते, आणि तेही ज्या काळी त्या यंत्रात आरसा खटखटत असे त्या काळातले. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसतो. त्यातील इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर मांडीवर बसलेल्या मुलालाही आवाज जाणार नाही. रंगमंचावर एलईडी दिवे असतील तर या शटरमुळे चित्रावर आडवे पट्टे उमटण्याचा धोका असतो. पण ती छायाचित्रकाराची डोकेदुखी, श्रोत्यांची नव्हे. डोळा लावायच्या खिडकीतून पाहिले आणि मागचा पडदा बंद ठेवला, तर असा कॅमेरा मागे बसलेल्याच्या डोळ्यांत उजेडही फेकत नाही. फोकस शोधण्यासाठी पुढून लागणारा नारिंगी दिवा तेवढा बंद करावा लागतो. मी त्यावर काळ्या कापडी चिकटपट्टीचा तुकडाच लावून ठेवला आहे, कारण आपण यंत्राला काय सांगितले होते हे ऐन वेळी आठवेलच असे नाही.

आता मोबाइल पाहा. गेल्या हंगामात माझ्या पुढच्या रांगेतील एका गृहस्थांनी विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाची जवळजवळ चाळीस मिनिटे हात डोक्याच्या वर धरून चित्रित केली. पडदा पूर्ण तेजाने उजळलेला होता, त्यामुळे रंगमंचावरील गायिका मला दोन दिसत होत्या, एक खरी आणि एक तळहाताएवढी, आणि डोळा राहून राहून त्या छोट्या गायिकेकडेच वळत होता. मध्येच त्यांनी त्यातला तुकडा कोणाला तरी पाठवला, उत्तरादाखल आलेला अंगठा पाहिला आणि पुन्हा हात वर केला. पलीकडे एका बाईंच्या मोबाइलचा फ्लॅश आपोआप उडत होता. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत जातो, अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई उरतो. त्यामुळे बाराव्या-पंधराव्या रांगेतून उडालेला फ्लॅश रंगमंचावरच्या कलाकारापर्यंत पोचत नाही, पुढच्या चार रांगांमधील टकले तेवढी उजळून निघतात. माझा कॅमेरा त्या वेळी प्रवेशद्वाराजवळच्या एका उघड्या कपाटात, कागदाच्या चिठ्ठीचे टोकन लावून पडला होता. कपाटावर पाटी होती : ‘वस्तू गहाळ झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’ लोक कॅमेरे लपवून का नेतात याचे अर्धे उत्तर त्या पाटीत आहे.

कायद्याबद्दल दोन्ही बाजूंनी बरेच ठोकून बोलले जाते, म्हणून थोडे सांगतो. कलाकाराच्या सादरीकरणावरील हक्क आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते अधिक भक्कम झाले. सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण किंवा दृश्यमुद्रण करण्याचा, ते लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क त्या कलाकाराचा असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला कलम ३९ ने सूट दिली आहे. दृश्यमुद्रण म्हणजे काय, याची व्याख्याही कायद्यात आहे आणि ती हलत्या प्रतिमांची आहे. म्हणजे मैफलीचे स्थिर छायाचित्र काढले म्हणून कलाकाराच्या या हक्काचा भंग होतो असे म्हणणारा आयोजक चुकतो. पण ‘कायदा माझ्या बाजूने आहे’ असे प्रवेशद्वारावर ओरडणारा छायाचित्रकारही तितकाच चुकतो. कारण सभागृहात कोणत्या अटींवर प्रवेश द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार ते चालवणाऱ्याचा आहे आणि तिकीट घेताना आपण त्या अटी पत्करलेल्या असतात. गंमत अशी की चाळीस मिनिटांचे चित्रण करून ते जगासमोर टाकणाऱ्या गृहस्थांना कायदा अडवतो आणि सभागृह आत सोडते, तर दोन स्थिर चित्रे काढू पाहणाऱ्याला कायदा अडवत नाही आणि सभागृह बाहेर ठेवते.

ही विसंगती आपल्याकडचीच आहे असे नाही. परदेशांतील मोठ्या मैदानी कार्यक्रमांत ‘लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणू नये’ असा नियम सर्रास असतो, आणि आपल्याकडच्या मोठ्या आयोजकांनीही तो जसाच्या तसा उचलला आहे. कोणे एके काळी लेन्स बदलता येणे हे व्यावसायिकाचे लक्षण होते. आज खिशातल्या मोबाइलला तीन-तीन लेन्स असताना ते लक्षण उरलेले नाही. काही कलाकारांनी मात्र मूळ दुखण्यावरच बोट ठेवले. अमेरिकी गायक जॅक व्हाइट याने २०१८ च्या दौऱ्यात प्रेक्षकांचे मोबाइल कुलूपबंद पाकिटांत ठेवायला लावले. पाकीट प्रेक्षकाच्याच हातात राहते आणि बाहेर आल्यावर तेथील यंत्राला टेकवले की उघडते. बॉब डिलन यांनीही २०२२ मध्ये हाच मार्ग धरला. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. या बँडचा गायक ख्रिस मार्टिन आपल्या कार्यक्रमांत एका गाण्यापुरते सर्वांना मोबाइल खिशात ठेवायची विनंती करतो, आणि हजारोंचा जमाव ते ऐकतो. मला ही विनंतीच अधिक आवडते. कुलूप लावलेल्या पाकिटात संशयाचा वास येतो आणि आपल्या सभागृहांत त्या पाकिटांचीही रांग लागेल.

येथवर जे लिहिले त्याच्याशी बरेच श्रोते सहमत होतील. यापुढचा मुद्दा मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा कधी होताना दिसत नाही. पाश्चात्त्य रॉक कार्यक्रमांत वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी एक रूढ नियम आहे : पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, नंतर बाहेर. तेथे तो शहाणपणाचा आहे. पहिल्या ठोक्यापासूनच कानठळ्या बसवणारा आवाज असतो, त्यात कॅमेऱ्याचे बटण कोणाला ऐकू जाणार? गायक अजून घामाघूम झालेला नसतो, त्यालाही आपली चित्रे तेव्हाच काढलेली बरी वाटतात. आणि तीन गाण्यांनंतर रंगमंचासमोरची जागा मोकळी होते. हाच नियम आपल्या काही आयोजकांनी ‘पहिली दहा मिनिटे फोटो, नंतर मनाई’ असा करून ख्यालाच्या मैफलीला लावला आणि तेथे तो बरोबर उलटा झाला.

ख्यालाची पहिली दहा मिनिटे म्हणजे काय असते? तंबोरे नुकते जुळून झंकारू लागलेले असतात. गायक षड्ज लावून आवाज आणि ध्वनिक्षेपक यांचा अंदाज घेत असतो, हाताने खूण करून ‘तंबोरा थोडा वाढवा’ म्हणत असतो. मग विलंबित एकतालाची ती संथ आवर्तने सुरू होतात, ज्यांतले एकेक मिनिटभर चालते. समेपर्यंतची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपर्यंतची, वाट रिकामी असते आणि त्या रिकामेपणातच राग उभा राहतो. अख्ख्या मैफलीत शांततेची सर्वाधिक गरज असते ती याच वेळी, आणि याच वेळी चार-पाच छायाचित्रकार रंगमंचाच्या पायाशी उकिडवे बसून, एकमेकांना कोपराने ढकलत, गायकाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर बटणे दाबत असतात. तो बिचारा डोळे मिटून घेतो. दहा मिनिटांनी ते सगळे निघून जातात, आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश सुरू होते, तबला खुलतो, हार्मोनियमवाला मान डोलावत तान उचलून धरतो, गायक प्रथमच साथीदारांकडे पाहून हसतो, टाळ्या पडतात. जुना आरशाचा कॅमेरादेखील ज्या गलबल्यात कोणाला ऐकू गेला नसता, त्या वेळी सभागृहात एकही कॅमेरा नसतो. वाद्यवादनात तर फरक आणखी ढळढळीत आहे. आलाप-जोडाच्या वेळी सतारीच्या एका मींडेवर, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात अलगद सरकण्यावर, श्वास रोखून बसलेल्या लोकांमध्ये कॅमेरे, आणि झाल्याच्या, म्हणजे शेवटच्या जलद भागाच्या, कल्लोळात मनाई! धृपदाच्या दीर्घ आलापात पखवाज थांबलेला असतो. तेथे तर पहिल्या दहा मिनिटांचा नियम लावणाऱ्याने धृपद ऐकलेले नाही असेच समजावे.

माझी सूचना म्हणून एवढीच आहे की परवानगीचे घड्याळ फिरवावे. पडदा उघडल्यावर तंबोरे आणि तबला जुळेपर्यंत चित्रे काढू द्यावीत. तबलजीची हातोडी, तंबोऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा सरकवणारे बोट, कानाशी धरलेला तंबोऱ्याचा दांडा, ही मैफलीतली सर्वांत सुंदर चित्रे असतात आणि ती कोणी काढत नाही. षड्ज लागला की कॅमेरे खाली. द्रुत सुरू झाली की पुन्हा मुभा, पण बाजूच्या भिंतीपाशी उभे राहून, फ्लॅश आणि पुढचा दिवा बंद ठेवून, आणि शेवटच्या भैरवीला मुळीच नाही. यात माझा स्वार्थ आहे हे मान्य करतो, कारण द्रुतातच चेहरे बोलतात. मोबाइललाही हाच नियम हवा. ज्यांना पावणेदोन तासांत दोन वेळा मोबाइल बाहेर काढण्याची सवलत मिळाली आहे, ते उरलेला वेळ तो खिशात ठेवायला अधिक राजी होतील असा माझा अंदाज आहे.

जागा नेमून दिली की चोरी थांबते याचे एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेतील ग्रेटफुल डेड या बँडचे चाहते कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी सभागृहभर खांब आणि माइक उभारत; ध्वनियंत्रकाला त्यातून समोरचे दिसेना. बँडने मनाई करण्याऐवजी १९८४ मध्ये ध्वनियंत्रकाच्या मागची जागाच या मंडळींना नेमून दिली. त्या ध्वनिफितींची पैसे घेऊन विक्री करायची नाही, एवढी अट होती. आपल्याकडेही जुन्या खासगी मैफलींतले कितीतरी गाणे रसिकांच्या घरच्या टेपांमुळे शिल्लक आहे, हे जाणकारांना सांगायला नको.

अर्थात, कलाकाराची इच्छा या सगळ्याच्या वर आहे. गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, पण हयातीत मुद्रणाच्या बाबतीत त्या किती काटेकोर होत्या याच्या आठवणी गोव्यापासून मुंबईपर्यंत सांगितल्या जातात. किशोरीताई आमोणकरांच्या मैफलीत खोकलादेखील जपून खोकावा लागे. अशा कलाकाराने ‘आज कॅमेरा नको’ म्हटले, तर आयोजकांनी तसे जाहीर करावे आणि आपण तो निमूटपणे पिशवीत ठेवावा. तानेच्या ऐन भरात तोंडाचा झालेला चंबू टिपून तो तासाभरात सर्वत्र फिरवणे हे छायाचित्रण नव्हेच. ज्यांची चित्रे पाहून आमची पिढी या छंदाकडे वळली ते पुण्याचे सतीश पाकणीकर असोत किंवा दिल्लीचे रघु राय, त्यांच्या चित्रांत गाणे दिसते, कारण ती काढणाऱ्यांनी गाणे ऐकलेले आहे. उद्या त्यांच्या जागी कोण येणार, हा प्रश्न आयोजकांनीही मनाशी विचारून पाहावा; आजची मनाई अशीच राहिली तर मागे उरतील त्या हजारो हलत्या, अर्धवट चित्रफिती आणि संस्थेच्या ठरलेल्या छायाचित्रकाराने पहिल्या दहा मिनिटांत काढलेले मिटल्या डोळ्यांचे चेहरे.

माझ्या समव्यसनी मित्रांनाही दोन शब्द. कॅमेऱ्याचे भाग सुटे करून लेन्स जेवणाच्या डब्यात, बॅटरी खिशात आणि सांगाडा शालीत, हे उद्योग आता पुरे करावेत. आपण आत पकडले गेलो तर आपल्याला फार तर बाहेर जावे लागते. बोलणी खावी लागतात ती प्रवेशद्वारावर बारा तास उभ्या असलेल्या कंत्राटी रक्षकाला. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी संस्थेला पत्र किंवा ईमेल पाठवून परवानगी मागावी, कुठे उभे राहणार आणि चित्रांचे काय करणार हे लिहावे. मोठ्या संस्था बहुधा उत्तर देत नाहीत. लहान संस्था देतात, असा माझा अनुभव आहे.

गेल्या फेब्रुवारीत एका शाळेच्या सभागृहात, सतरंजीवर बसलेल्या जेमतेम शंभर श्रोत्यांसमोर झालेल्या मैफलीत मला अशी परवानगी मिळाली. तंबोरे जुळताना सहा आणि द्रुतात नऊ चित्रे काढली. मधला सव्वा तास कॅमेरा मांडीवर पालथा ठेवून गाणे ऐकले, आणि इतके नीट मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. आठवड्याने छापील प्रती घेऊन गायिकेच्या घरी गेलो. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या विद्यार्थिनीचे चित्र त्यांनी आधी बाजूला काढून ठेवले, ‘हे तिच्या आईला देते,’ म्हणाल्या. मग स्वतःचे चित्र हातात घेऊन, चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘तोंड मिटलेलं आहे माझं यात. तुम्हांला वेळ कशी काय सापडली?’

आपला विश्वासू,
एक श्रोता व हौशी छायाचित्रकार, पुणे